जुन्या मोटारीचा मूळ रंग

मोटारीचा ‘कंपनीचा रंग’ म्हणजे एकच ठरलेली छटा, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात एका नावाखाली किमान तीन रंग नांदत असतात. पहिला, कारखान्याने पसंत करून रंग बनवणाऱ्या कंपनीकडे सोपवलेला नमुना. दुसरा, त्या नमुन्याबरहुकूम तयार झालेला, पण घाण्यागणिक किंचित बदलत जाणारा डब्यातला रंग. तिसरा, चाळीस-पन्नास वर्षे ऊन, पाऊस, धूळ आणि रबिंगचे हात सोसून पत्र्यावर उरलेला रंग. जुनी गाडी रंगवताना ‘ओरिजिनल शेड पाहिजे’ असे मालक म्हणतो, तेव्हा त्याला यांतला नेमका कोणता रंग हवा आहे, हे आधी ठरवावे लागते. एकच दरवाजा रंगवायचा असेल तर तो शेजारच्या मडगार्डाशी जुळला पाहिजे, म्हणजे तिसरा रंग हवा. सगळी गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली असेल तर पहिला किंवा दुसरा. एवढे बोलणे आधी होत नाही म्हणून मालक आणि मिस्त्री यांच्यात जितके वाद होतात, तितके बहुधा पैशावरूनही होत नसावेत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुनी मोटार म्हटली की आधी फियाट डोळ्यांसमोर येते. पद्मिनी हे नाव येऊन कितीतरी वर्षे झाली तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. ही गाडी एका अर्थाने इथल्याच लोकल मार्गावरची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डीसोटो या अमेरिकन गाड्यांची जोडणी सुरू झाली, १९५१ मध्ये फियाट ५०० आली आणि पुढे ११००. १९६४ साली आलेले ११०० चे नवे रूप १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. नावे बदलली, अंगकाठी तीच राहिली. याच कंपनीच्या डोंबिवलीजवळच्या, कल्याणचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यातून नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडीही निघाली. ती फार काळ चालली नाही, पण रंगाच्या दृष्टीने ती पद्मिनीपेक्षा अगदी वेगळ्या पिढीची होती.

मूळ रंगाचा शोध घेताना हा इतिहास कामाला येतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, मागोमाग फोर्डही मुंबईत आली. १९५३-५४ च्या सुमारास सरकारने धोरण कडक केले: नुसती जोडणी नको, इथे गाडी बनवायची असेल तरच राहा. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. या काळातल्या गाड्या सुट्या भागांच्या संचातून उभ्या राहत आणि अशा गाडीला रंग सामान्यतः जोडणीच्या कारखान्यातच दिला जाई. म्हणून अमेरिकेत किंवा इटलीत छापलेले शेड कार्ड मागवून त्यावरून मुंबईत जोडलेल्या गाडीचा रंग ठरवणे धोक्याचे आहे. नाव तेच असले तरी डबा इथला, हवा इथली आणि भट्टीही इथली. पद्मिनीच्या बाबतीत तर तिची इटलीतली बहीण साठीच्या दशकातच बंद पडली होती. तिकडचे कार्ड इकडच्या १९८५ सालच्या गाडीला लावण्यात काही अर्थ नाही.

आयात झालेल्या गाड्यांचे काम त्या मानाने सोपे. जर्मन व अमेरिकन कंपन्या रंगाचा संकेतांक गाडीवरच एका पट्टीवर नोंदवत. फोक्सवॅगन बीटलचा काळा म्हणजे ‘एल ४१’, मर्सिडीजचा पांढरा म्हणजे ‘डीबी ०५०’. अमेरिकन गाड्यांत इंजिनाच्या मागच्या पडदीवर ठोकलेल्या पट्टीत रंग आणि आतल्या गादीचे कापड, दोन्हींचे आकडे असत. संकेतांक हाती आला की रंगाच्या कंपन्यांच्या जुन्या नोंदींतून सूत्र मिळू शकते. तरीही सूत्र म्हणजे रंग नव्हे. १९६० सालच्या सूत्रात जे रंगद्रव्य लिहिलेले असते ते आज बाजारात असेलच असे नाही, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

रंगाची छटा ज्या माध्यमात बांधलेली असते त्यावरही तिचे दिसणे अवलंबून असते. मोटारीच्या आरंभकाळी जवसाच्या तेलाचे वॉर्निश ब्रशने चढवत. एकेक हात वाळायला दिवस लागत आणि पुरी गाडी तयार व्हायला आठवडे. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, ती याच जमान्यातली. १९२३ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग ‘ड्यूको’ या नावाने बाजारात आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर १९२४ च्या मॉडेलसाठी तो निळ्या छटेत वापरला गेला. फवाऱ्याने मारायचा, मिनिटांत वाळणारा हा रंग आला आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. आपल्याकडे तर ड्यूको हे त्या कामाचेच नाव होऊन बसले. लाकडी कपाटाला ‘ड्यूको मारला’ म्हणतात तो हाच. तिशीच्या दशकात अल्किड इनॅमल आले; ते सावकाश वाळते, पण पॉलिश न करताही चमकते. नंतर भट्टीत भाजायची इनॅमले आली. त्यापुढची पायरी म्हणजे दोन डब्यांचे मिश्रण करून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन), आणि शेवटी रंगाचा पातळ थर व त्यावर पारदर्शक क्लिअरचा थर ही आजची पद्धत.

हातातल्या गाडीवर यांपैकी काय आहे हे ओळखण्याची गॅरेजमधली परीक्षा साधी आहे. थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके आडोशाच्या जागी हलके घासायचे. रंग लगेच फडक्यावर उतरला तर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. थोड्या वेळाने मऊ पडला किंवा सुरकुतला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर पीयू किंवा भाजलेला रंग. ही परीक्षा टाळणाऱ्याला शिक्षा ताबडतोब होते: जुन्या इनॅमलवर तीव्र थिनरचा नवा रंग बसला की खालचा थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन उचलला जातो.

पुरावा शोधायची जागा म्हणजे जिथे ऊन आणि हात दोन्ही पोहोचत नाहीत ती. डॅशबोर्डातल्या कप्प्याची मागची बाजू, दाराच्या आतल्या पॅडखालचा पत्रा, मागच्या दिव्याच्या रबराखालची पट्टी, नंबर प्लेटच्या मागचा भाग, डिकीत स्टेपनीच्या आडचा कोपरा, मागच्या सीटच्या पाठीखाली. दाराचे रबर खेचून काढले तर आत दोन बोटे रुंदीची अशी पट्टी सापडते की तिथला रंग काल मारल्यासारखा वाटावा. मात्र या भागातल्या गाड्यांचा खालचा अर्धा भाग सहसा विश्वासाचा नसतो. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या, २०१९ च्या जुलैत बदलापुरात पुन्हा तेच घडले. अशा गाडीच्या दारांचे तळ, फुटबोर्ड आणि डिकीचा तळ एकदा तरी कापून नवा पत्रा लावलेला असतो आणि त्यावरचा रंग नंतरचा असतो. कमरेच्या वरचा पुरावा धरावा, खालचा सोडून द्यावा.

वरून कितीही वेळा रंगवलेली गाडी असली तरी तिचा इतिहास पत्र्यावर थराथराने साचलेला असतो. बाराशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका जागी गोल फिरवत गेले की रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कडी उमटत जातात. सगळ्यांत बाहेर आजचा रंग, मग मधले, मग प्रायमर, आणि केंद्रात उघडा पत्रा. लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे ही वर्तुळे वाचता येतात. प्रायमरला लागून बाहेरच्या बाजूला जी कडी असते ती कारखान्याची असण्याचा संभव सर्वांत जास्त, पण खात्री नाही, कारण एखाद्या मिस्त्रीने मध्येच सगळी गाडी सोलून नवा प्रायमर दिलेला असू शकतो. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या जागी कडी काढून पाहतात. तिन्ही ठिकाणी तोच क्रम आला तरच तो पुरावा. याच्या जोडीला नोंदणीपुस्तक पाहावे. त्यात रंगाचा रकाना असतो आणि जुन्या पुस्तकात ‘ब्लू’, ‘ग्रे’ असा एकच मोघम शब्द सापडतो. छटा त्यातून कळत नाही, पण गाडी मुळात निळी होती की करडी, हा वाद तरी मिटतो.

सापडलेली जागा साफ करणे हे वेगळेच काम आहे. इनॅमल जुने झाले की वरच्या थरातली बांधणारी राळ उन्हाने कुजते आणि रंगद्रव्याची भुकटी मोकळी पडते. बॉनेटवर बोट फिरवले की खडूसारखे पांढुरके काही लागते, ते हे. ही भुकटी प्रकाश विखुरते, म्हणून रंग फिका दिसतो. रबिंग कंपाउंडने वरचा थर काढला की खालून गडद रंग वर येतो आणि मालकाला आश्चर्य वाटते. एनसी रंग उलट पिवळटतो: पांढरा त्यात हस्तिदंती होतो आणि आकाशी हिरवटाकडे झुकतो. तेव्हा नमुना घ्यायचा तो पॉलिश करून, चमक परत आणल्यावरच. मळक्या, भुरकट जागेवरून घेतलेला रंग म्हणजे रंगाचा नव्हे, म्हातारपणाचा नमुना.

रंगद्रव्ये समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. जुन्या गाड्यांचे पिवळे, नारिंगी आणि कितीतरी लाल रंग शिशाच्या संयुगांपासून केलेले होते: पिवळा लेड क्रोमेटचा, नारिंगी-लाल मॉलिब्डेटचा. झाकण्याची ताकद मोठी, किंमत कमी, उन्हातही बऱ्यापैकी टिकाऊ. दोष असा की शिसे विषारी, आणि हायड्रोजन सल्फाइड वायूच्या संपर्कात असा पिवळा काळवंडतो. सांडपाण्याच्या उघड्या नाल्याशेजारी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या पिवळ्या गाडीच्या बाबतीत ही शक्यता गृहीत धरावीच लागते. निळ्यांत जुना प्रशियन ब्लू होता. मग फ्थॅलोसायनिन आला, जो १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका रंगकारखान्यात लोखंडी भांड्याच्या संपर्कामुळे अपघातानेच हाती लागला आणि १९३५ पासून विकला जाऊ लागला. लालांत क्विनॅक्रिडोन १९५८ मध्ये बाजारात आला. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइडने इतर सर्वांना हुसकावले. गंमत अशी की अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रंग, रंगद्रव्ये आणि त्यांच्यासाठी लागणारी मधली रसायने हाच एक मोठा धंदा आहे. गाडीच्या रंगाचे मूळ अनेकदा तिच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर असते आणि त्याचा पत्ता ना मालकाला असतो ना मिस्त्रीला.

आता अडचण अशी. शिशाच्या पिवळ्याची जागा आज सेंद्रिय पिवळ्याने घेतली, तर दोन्ही रंग एका प्रकाशात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात चक्क वेगळे दिसू शकतात. हा अनुभव उल्हासनगरच्या गजानन मार्केटात साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेणाऱ्या प्रत्येक बाईला आहे. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला तुकडा ती दोन पावले बाहेर येऊन उन्हात धरते, कारण दिव्याने एकदा फसवलेले असते. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच जातींच्या. वस्तूवरून परतणारा प्रकाश मात्र शेकडो तरंगलांबींचा. दोन अगदी वेगळी मिश्रणे त्या तीन पेशींना एकसारखी चेतवू शकतात, आणि दिवा बदलला की त्यांचे बिंग फुटते. म्हणून जुळवलेला रंग किमान तीन प्रकाशांत पाहावा: सकाळी दहा-अकराच्या सुमारास सावलीतला उजेड, दुकानातली ट्यूब किंवा एलईडी, आणि पिवळा दिवा. संध्याकाळच्या तांबूस उन्हात रंग पसंत करणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत येतोच.

रंग मोजणारे यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, मोठ्या पेंटच्या दुकानांत असते. ते वस्तूवर ठरलेला प्रकाश टाकून प्रत्येक तरंगलांबीला किती परत आला ते मोजते आणि उत्तर तीन आकड्यांत देते: उजळपणा, लाल-हिरव्याकडचा कल, पिवळ्या-निळ्याकडचा कल. ही मोजपट्टी १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवून दिली, तिचा पाया १९३१ चा आहे. दोन रंगांतले अंतर ‘डेल्टा-ई’ या एका आकड्यात सांगतात. ते एकच्या आसपास असेल तर सरावलेल्या नजरेलाही शेजारी धरल्यावर जेमतेम जाणवते. यंत्राची मर्यादा अशी की ते जे समोर ठेवाल तेच मोजते. भुरकट पत्रा ठेवला तर भुरकटपणाचे सूत्र मिळते. शिवाय त्याच्या साठ्यात आजचीच टिंटर असतात. त्यामुळे यंत्राने काढलेले सूत्र ही सुरुवात, शेवट नव्हे. उरलेली वाट मिस्त्रीच्या डोळ्यालाच चालावी लागते. ‘मशीनने काढलाय, चुकणार कसा’ असे म्हणणाऱ्या दुकानदारापेक्षा ‘पत्र्यावर मारून बघू’ म्हणणारा जास्त भरवशाचा.

छटांना नावांऐवजी आकड्यांनी ओळखण्याची सोय भारतीय मानकातही आहे. ‘आयएस ५’ या मानकात इमारती, यंत्रे, सरकारी वाहने यांच्या रंगांना क्रमांक आहेत: आकाशी १०१, ऑलिव्ह ग्रीन २२०, सोनेरी पिवळा ३५६, सिग्नल लाल ५३७. ब्रिटिश मानकाचे वळण त्यात स्पष्ट दिसते. खासगी मोटारींच्या छटा या यादीतून घेतलेल्या नसत, तरी फोनवर बोलताना ‘१०१ पेक्षा जरा करडा’ असे सांगणे ‘आपला तो जुना फियाटवाला निळा’ असे सांगण्यापेक्षा उपयोगाचे.

प्रत्यक्ष मिश्रणात काही गोष्टी पुस्तकाबाहेरच्या वाटतात, पण त्यांना कारणे आहेत. पिवळा गडद करायला काळा घातला तर तो हिरवट होतो. पांढऱ्यात काळा घातला तर करड्याला निळसर झाक येते. लालात पांढरा घातला की तो उजळ होत नाही, गुलाबी होतो. म्हणून अनुभवी मिस्त्री पिवळा गडद करताना काळ्याऐवजी गेरू रंगाचा ऑक्साइड वापरतो आणि काळा कधीच डब्यातून ओतत नाही, काडीने थेंबाथेंबाने सोडतो. पडलेला काळा परत निघत नाही. अर्धा लिटरचा डबा निस्तरायला मग दोन लिटर रंग करावा लागतो. शिवाय ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. सॉलिड रंग बहुधा वाळल्यावर एक पायरी गडद होतो. डब्यात काडी बुडवून ती गाडीला लावून पाहणे हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. पत्र्याच्या तुकड्यावर गाडीला मारायचे तितकेच हात, त्याच गनने, त्याच प्रायमरवर मारून, वाळवून, मग तो तुकडा गाडीला चिकटवून पाहायचा. प्रायमरचा उल्लेख मुद्दाम. आजचे शिसे नसलेले पिवळे आणि लाल झाकणीला कमजोर. खाली रेड ऑक्साइड असेल तर एक छटा, करडा असेल तर दुसरी.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक भारतीय गाड्या सॉलिड रंगाच्या होत्या, हे जुळवणाऱ्याचे भाग्य. प्यूजोच्या पिढीपासून मेटॅलिकचे प्रस्थ वाढले. त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात, आणि रंग समोरून उजळ तर कडेने पाहिल्यास गडद दिसतो. चकत्या कशा पहुडतात ते गनचा दाब, अंतर, थिनरचा वेग यांवर ठरते. तोच डबा दोन मिस्त्रींच्या हातून दोन रंग देतो. इथे यंत्रही एका कोनातून मोजून भागत नाही, तीन किंवा पाच कोनांतून मोजावे लागते. मेटॅलिकचा एकच दरवाजा जुळवण्याची खटपट करू नये. रंग शेजारच्या पत्र्यावर विरवत न्यावा आणि क्लिअर पुऱ्या बाजूवर मारावा.

चमकेचा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा, आणि इथे बहुतेक जीर्णोद्धार घसरतात. पद्मिनीच्या मूळ रंगाला आतून खोल, काचेसारखी झळाळी नव्हती. इनॅमलची सरळ, थोडी मऊ चकाकी होती. तिच्यावर आजचे बेस-क्लिअर मारले की छटा आकड्यांत बरोबर असूनही गाडी नवऱ्या मुलासारखी नटलेली दिसते. शुद्धतेचा आग्रह असेल तर क्लिअरविना, एकाच थराचा पीयू मारून नंतर पॉलिशने चमक किंचित उतरवावी. एनसी अधिक अस्सल ठरेल, पण तो नाजूक असतो आणि पावसाळ्यात छळतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ताज्या रंगावर बसते आणि वर पांढरी धुरकट साय धरते. माथेरानच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या बदलापूर-अंबरनाथच्या हवेत जून ते सप्टेंबर एनसीला हात न लावणे हे उत्तम. अगदीच अडले तर सावकाश उडणारे रिटार्डर थिनर आणि बंद, कोरडी खोली हवी.

दोन गाड्यांच्या बाबतीत मूळ रंगाचा प्रश्न गनपाशी नाही, कायद्यापाशी अडतो. पहिली म्हणजे जुनी लष्करी जीप. उल्हासनगर ज्या जागी वसले ती दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि १९४९ मध्ये गावाला नाव मिळाले. त्या युद्धातली विलिस जीप आज एखाद्या शौकिनाकडे असली, तर तिचा खरा रंग म्हणजे चमक नसलेला ऑलिव्ह. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ स्पष्ट सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. मालकाकडे कितीही भक्कम पुरावा असो, ही एक छटा त्याला वर्ज्य. दुसरी गाडी म्हणजे टॅक्सी. काळा-पिवळा हा मालकाच्या आवडीचा नव्हे, परवान्याच्या अटीचा रंग. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. अशी गाडी जतन करताना ‘कारखान्याचा रंग’ शोधत पिवळे छत खरवडणे हा अडाणीपणा ठरेल. जिने सारे आयुष्य टॅक्सी म्हणून काढले, तिचा मूळ रंग काळा-पिवळाच.

इतर गाड्यांना रंगाची मोकळीक आहे, पण नोंदीची नाही. नोंदणीपुस्तकातला रंग आणि गाडीचा रंग वेगळे झाले तर तो बदल आरटीओत नोंदवावा लागतो; या तिन्ही गावांसाठी ते कार्यालय कल्याणचे, एमएच-०५. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी आता ओलांडली आहे.

जीवाची काळजी शेवटी सांगितली तरी ती कमी महत्त्वाची नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या थरांना अर्थातच असला काही नियम नव्हता. असा पिवळा किंवा लाल रंग कोरडा घासू नये. पाणी वापरावे, मास्क लावावा आणि घासल्यानंतरचा गाळ गटारात सोडू नये. वालधुनीने आधीच पुष्कळ रंग पाहिले आहेत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून मारणाऱ्या पोराला तो रुमाल काडीचेही संरक्षण देत नाही. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा द्यावा, नाहीतर काम बाहेर जिथे रंगाचे बंद बूथ आहे तिथे करून घ्यावे.

काम संपल्यावर सूत्राचा कागद, ग्रॅममधल्या वजनांसह, मिस्त्रीकडून मागून घ्यावा. चाचणीसाठी रंगवलेला पत्र्याचा तुकडा काळ्या पिशवीत, अंधारात ठेवावा. आणि सगळी गाडी सोलून नव्याने रंगवली तरी डॅशबोर्डातल्या कप्प्यामागची तळहाताएवढी जुनी जागा मास्किंग टेप लावून तशीच राखावी. पुढच्या मालकाला दुसरा पुरावा मिळणार नाही.